सोन्याचा वर्ख आणि मुलाची रेघ

तंजावरच्या एका शाळेतील वार्षिक कलाप्रदर्शनात आठवीच्या वर्गाने केलेली 'तंजावर चित्रे' भिंतीवर ओळीने लाविली होती. प्रत्येक चित्रात लोण्याचे भांडे जवळ घेऊन बसलेला तोच गुटगुटीत बालकृष्ण, त्याच्या मस्तकामागे तीच महिरप, गळ्यात त्याच ठिकाणी बसविलेले काचेचे लाल-हिरवे खडे, आणि सर्वांवर सोनेरी पत्र्याची एकसारखी झळाळी. कोणते चित्र कोणत्या मुलाचे, हे मागच्या बाजूस लिहिलेला हजेरीचा क्रमांक पाहिल्यावाचून सांगता येऊ नये, इतके ते साम्य पूर्ण होते. या साम्याचा उगम दुकानात होता. छापील रेखाकृती असलेला पुठ्ठा, मोजून घातलेले खडे, सोनेरी पत्रा आणि डिंकाची नळी असा तयार संच पेटीतून विकत मिळतो. पालक तो आणून देतात, मूल आखलेल्या जागा भरते, आणि त्या कृतीची नोंद 'सर्जनशील प्रकल्प' या सदराखाली गुणपत्रकात होते.

पुढे ज्या दोघांचा संवाद दिला आहे, त्यांनी हे प्रदर्शन बरोबरच पाहिले व दोघांनाही त्याचे वाईट वाटले. परंतु वाईट वाटण्याची कारणे इतकी भिन्न निघाली की, राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालयाजवळच्या सावलीत बसल्यावर त्यांचे बोलणे दिवेलागणीपर्यंत पुरले. त्यांतील अण्णा हे तंजावरचेच. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांच्या फौजेबरोबर या मुलखात आले, १८५५ मध्ये राज्य खालसा झाल्यावरही येथेच राहिले, आणि घरात मराठी अद्यापि नांदती आहे. फळीवरच्या चित्रांची विद्या त्यांनी गुरूच्या घरी बसून घेतली व तीत आयुष्य वेचले. दुसऱ्या बाई पुण्याकडच्या; संसारानिमित्त इकडे आल्या आणि येथील एका इंग्रजी शाळेत चित्रकला शिकवितात. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. मी बहुतेक वेळ श्रोताच होतो.

बाई — अण्णा, मला सर्वांत अधिक खुपले ते हे की, त्या भिंतीवर एकाही मुलाने एकही निर्णय घेतलेला नव्हता. काय काढावे, कोठे काढावे, केवढे काढावे, कोणता रंग कोणाशेजारी ठेवावा, हे सारे पेटी बंद होण्यापूर्वीच दुसऱ्या कोणीतरी ठरवून टाकले होते. शाळेतल्या इतर सर्व तासांना उत्तर आधी ठरलेले असते व मूल ते शोधते. उत्तर ठरलेले नाही असा एकच तास आठवड्यातून एकदा येतो, आणि तोही आपण त्याच्याकडून काढून घेतला.

अण्णा — तुमचे दुःख मला कळते, परंतु माझे दुःख याच्या अलीकडचे आहे. नक्कल केली म्हणून मला वाईट वाटले नाही. मी स्वतः कित्येक वर्षे नक्कलच केली आहे. मला वाईट वाटले ते यासाठी की, त्या मुलांनी नक्कलसुद्धा केली नाही. बाई, आमचे चित्र रेघेपासून सुरू होत नाही, लाकडापासून होते. फणसाची किंवा सागाची फळी घ्यायची, तिच्यावर सुती कापड ताणून चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, सुरकुती राहिली तर उचकटून पुन्हा चिकटवायचे. मग खडूची वस्त्रगाळ पूड डिंकाच्या पाण्यात कालवून तिचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, दुसरा द्यायचा, वाळू द्यायचा, आणि तळव्याला खरखर लागेनाशी होईपर्यंत दगडाने घोटायचे. डिंक जास्त झाला तर तडे जातात, कमी झाला तर थर भुकटी होऊन निघतो. हे प्रमाण कोणत्याही वहीत उतरवून मिळत नाही, कारण ते हवेच्या ओलाव्याबरोबर बदलते आणि बोटालाच समजावे लागते. इतके झाल्यावर रेखाटन. त्यानंतर दागिन्यांचा आणि महिरपीचा उठाव त्याच खडूच्या दाट लगद्याने कुंचल्यावाटे एकेक ठिपका ठेवीत उभा करायचा. त्यात खडे बसवायचे, वर्ख चढवायचा. आणि रंग, मुखाची रेषा, डोळे हे सर्वांच्या शेवटी. त्या पेटीने मुलांना शेवटची झळाळी दिली आणि हातांनी शिकण्यासारखे जे होते ते सारे वगळले.

बाई — म्हणजे आपल्या मते वर्गातील मुलांना आधी हे सारे शिकवावे, आणि त्यांना स्वतःचे काही काढू देण्याचा विचार पाच-सात वर्षांनी करावा?

अण्णा — घाई कसली आहे?

बाई — घाई अशी की, तोवर ते मूल माझ्या वर्गात राहात नाही. आणि त्याच्या अंगची हिंमतही राहात नाही. सात वर्षांचे मूल निळा हत्ती काढते व त्याला कोणाची लाज वाटत नाही. तेच मूल तेरा वर्षांचे झाले की, कागद पुढे ठेवताच 'मला येत नाही' असे म्हणते. मधल्या सहा वर्षांत आपण त्याला दुसरे काय शिकविले, तर त्याची रेघ चुकीची आहे एवढेच. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेकने १८९७ मध्ये मुलांचा स्वतंत्र कलावर्ग काढला, तो याच जाणिवेतून की मूल म्हणजे अपुरा चित्रकार नव्हे, त्याच्या चित्राला त्याचा स्वतःचा न्याय असतो. आणि इतक्या दूर कशाला जावे? सेवाग्रामला देवीप्रसाद १९४४ पासून जवळजवळ दीड तप मुलांना चित्रकला शिकवीत राहिले. शिक्षकाने मुलाच्या कागदावर स्वतःचा हात चालवू नये, हे पथ्य मी त्यांच्या लिखाणातूनच उचलले.

अण्णा — देवीप्रसाद शांतिनिकेतनात तयार झालेले, आणि स्वतः कुंभारकाम करणारे, हे तुम्हीही जाणता. ज्या नई तालीमच्या शाळेत ते होते, तेथील मुले सूत काढीत आणि शेतात राबत. सूत तुटते तेव्हा ते मुलाची मर्जी पाहात नाही. मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर बसला नाही, तर भांडे वाकडेच निघते आणि त्याबद्दल कोणाला रागावता येत नाही. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला कागदावर मोकळे सोडले तर ते शोभते, कारण बंधन काय असते हे त्याच्या हातांना ठाऊक झालेले असते. तुमच्या शाळेतील मुलाच्या हातांना काय ठाऊक आहे?

हा प्रश्न बाईंना उत्तर सुचण्यापूर्वी काही क्षण तसाच राहिला, आणि मला वाटते तो त्या संवादातील सर्वांत मोलाचा प्रश्न होता. नई तालीमची मांडणी वर्ध्यास १९३७ च्या परिषदेत झाली, तेव्हा हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा मानला गेला होता. पुढे तो कणा गळून पडला आणि 'कार्यानुभव' नावाचा एक तास वेळापत्रकात उरला. मोकळ्या अभिव्यक्तीचा पुरस्कार मात्र टिकला, कारण त्याला कागदापलीकडे सामग्री लागत नाही. चिझेकच्या वर्गातील चित्रांतही एक विशिष्ट धाटणी सर्वत्र उतरलेली दिसते, असा आक्षेप पुढे घेण्यात आला, तोही येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. मोकळीक दिली म्हणजे प्रत्येक मूल आपोआप वेगळे बोलू लागते असे नाही.

बाई — आपण बंधनाचे म्हणता ते मी नाकारीत नाही. परंतु परंपरेच्या नावाने जे बंधन सांगितले जाते, ते खुद्द तंजावरच्या परंपरेने तरी कितपत मानले? ज्या सरफोजीराजांच्या आश्रयाचा आपण सर्वजण अभिमान बाळगतो, त्यांच्या पदरच्या चित्रकारांनी काय काढले हे याच महालात जपलेले आहे. धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार होत, आणि प्रत्येक रोग्याच्या कैफियतीबरोबर त्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र काढून ठेवले जाई. बुबुळावरचा पडदा, पांढऱ्या भागावर पसरलेल्या लाल शिरा, सुजलेली पापणी, सारे जसेच्या तसे. पशुपक्ष्यांची चित्रे तशीच. त्या कलावंतांना कोणी सांगितले नव्हते की डोळा म्हणजे कमळाच्या पाकळीसारखाच काढावयाचा. समोर जो माणूस बसला आहे त्याचा डोळा पाहा, आणि तो काढा, असा तो हुकूम होता. याहून धीट कलाशिक्षण मी कोणत्या पुस्तकात वाचलेले नाही.

बाईंच्या या युक्तिवादाला इतिहासाचा आधार चांगला भक्कम होता. १७९८ ते १८३२ अशी चौतीस वर्षे गादीवर असलेले दुसरे सरफोजी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढले. त्यांनी काढलेल्या 'नवविद्या कलानिधी' शाळेत वेदशास्त्रांच्या जोडीला भाषा, नवी शास्त्रे आणि कलाकौशल्य यांचे शिक्षण दिले जाई. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी ठशांचा हातछापखाना आणविला, आणि इसापाच्या गोष्टींचे 'बालबोधमुक्तावली' हे मराठी पुस्तक त्यांच्याच प्रेरणेने येथे छापून निघाले. दक्षिणेच्या टोकाला एका मराठी राजाने, ज्याची सत्ता किल्ल्याच्या तटापुरती उरली होती, मुलांच्या हाती छापील मराठी गोष्टी द्याव्या, ही गोष्ट महाराष्ट्रातील शाळांतून आजही फारशी सांगितली जात नाही, याचा मला खेद वाटतो.

अण्णा — डोळ्यांची ती चित्रे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापुढे मी नेहमीच नम्र होतो. पण बाई, शिरेची ती रेघ कशी आहे पाहा. ती थरथरत नाही, जाड-बारीक होते ती शिरेच्या वळणाप्रमाणे, आणि कुंचला उचलला कोठे हे शोधूनही सापडत नाही. हा हात एका दिवसात तयार झालेला नाही. देवाच्या शेल्याची किनार काढून काढून जो हात स्थिर झाला, तोच रोग्याच्या डोळ्यापाशी नेला, म्हणून ते चित्र वैद्याच्या उपयोगी पडले. पाहण्याची मोकळीक सरफोजीराजांनी दिली हे खरे; हात मात्र आमच्या राजू चित्रकार घराण्यांच्या शिरस्त्याने दिला होता.

बाई — आणि तो हात असूनही पाहण्याची आज्ञा नसती, तर शेल्याची किनारच निघत राहिली असती.

अण्णा — तेही खरे.

बाई — मला आपल्या शिस्तीची भीती वाटत नाही अण्णा, तिचे जे सोंग होते त्याची वाटते. आमच्याकडे महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सारे विषय योग्य विचार करून नेमलेले. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेला प्रसंग आठवून काढणे. परंतु मी शिकले त्या खासगी वर्गात आम्हांला बाजाराचे एक चित्र घोटून दिले होते: डावीकडे झाड, उजवीकडे भाजीवाली, मध्ये टोपली उचलणारा माणूस. प्रश्न जत्रेचा आला तर झाडाखाली पाळणा घालायचा, बसस्थानकाचा आला तर भाजीवालीमागे बस. स्मरण होते ते त्या चित्राचे, बाजाराचे नव्हे. श्रेणी चांगली मिळाली. आणि त्यानंतर कित्येक वर्षे मला मंडईत उभे राहून समोरची माणसे कशी वाकतात हे पाहायचे सुचले नाही.

अण्णा — याला मी शिस्त म्हणत नाही.

बाई — म्हणूनच मी वर्गात दुसरी वाट धरली. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना मी तलैयाट्टि बोम्मै करायला दिली.

मराठी वाचकांसाठी सांगावयाचे म्हणजे, तंजावरच्या ज्या डोलणाऱ्या बाहुल्या प्रसिद्ध आहेत, त्यांतील एक प्रकार मातीच्या वजनदार, गोल बुडाचा; ढकलली तरी ती पुन्हा उभी राहते. दुसरा प्रकार नर्तकीचा, कागदाच्या लगद्याच्या सुट्या भागांचा. त्यात घागरा, धड आणि मस्तक एकमेकांवर तोलून वेगवेगळे डोलतात. राजा-राणीची जोडी बहुतेक घरांत नवरात्रातील बाहुल्यांच्या मांडणीच्या, म्हणजे कोलुच्या, पायऱ्यांवर मांडलेली आढळते.

बाई — राजा-राणी करायचे नाहीत, एवढीच अट मी घातली. आपल्या रस्त्यावर रोज दिसणारे माणूस करायचे. एका मुलाने बसचा कंडक्टर केला. कागदाचा लगदा त्याने घरीच आठवडाभर भिजवून कुटला होता. कंडक्टरच्या गळ्यात चामड्याची पिशवी, बोटांच्या बेचक्यांत घडी घातलेल्या नोटा, तोंडात शिट्टी, हे सारे त्याने इतक्या हौसेने केले की डोके बुडापेक्षा जड झाले. बाहुली उभी केली की आडवी होई. पहिल्या दिवशी तो रडकुंडीला आला. दुसऱ्या तासाला त्याने बुडात ओली माती भरली. ती वाळताना आक्रसली, एका बाजूला सरकली, आणि कंडक्टर उभा राहिला तो तिरका. मग त्याने माती उकरून काढली, थोडी थोडी भरून प्रत्येक थरानंतर बाहुली ढकलून पाहिली, डोके आतून कोरून हलके केले, आणि शेवटी शिट्टी काढून टाकली. मी एक शब्दही सांगितला नाही. तिसऱ्या तासाला ती बाहुली आडवी करून सोडली तेव्हा ती उठली, आणि तिरकी न राहता सरळ थांबली.

अण्णा — तुम्ही सांगितले नाही, कारण मातीने सांगितले. हेच तर मी मघापासून म्हणतो आहे.

बाई — पण कंडक्टर त्याचा होता, अण्णा. राजा असता तर पहिल्याच दिवशी त्याने दुकानातला आणला असता. आपला कंडक्टर पडतो हे सहन होईना, म्हणून त्याने ती माती उपसली.

अण्णांनी यावर काही म्हटले नाही. त्या पोराच्या बाहुलीचे हात धडाला कोठे जोडले होते, एवढे मात्र बारकाईने विचारून घेतले, आणि खांद्याच्या जागेबद्दल आपले मत स्पष्ट सांगितले. बाईंनी तेही ऐकून घेतले. पुढल्या वेळी ते मुलाला सांगेन, असे मात्र कबूल केले नाही.

या दोघांपैकी कोणाचे म्हणणे अधिक ग्राह्य, याचा निवाडा मला करावासा वाटतो, आणि तो असा की, काय काढावे याबाबत बाईंचे ऐकावे आणि कशावर, कशाने काढावे याबाबत अण्णांचे. याचा पुरावा तंजावरच्या प्रत्येक उंबऱ्यासमोर रोज सकाळी घातला जातो. कोलमचे ठिपके मोजून मांडावे लागतात. कित्येक कोलमांत रेघ ठिपक्याला स्पर्श न करता त्याला वळसा घालून जाते आणि सुटली तेथेच येऊन मिळते. एवढ्या कडक नियमांतून घरोघरी निराळी आकृती निघते. आमच्याकडील ठिपक्यांची रांगोळी तिचीच बहीण. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या आकृतींचे गणिती व्याकरण मांडणारे निबंध लिहिले. ज्या मुलींच्या हातात हे व्याकरण आजीकडून आलेले आहे, त्यांच्याच वर्गात आपण छापील पुठ्ठ्याचा संच वाटतो, हे मला असह्य वाटते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० साली पहिली ते दहावीच्या वर्गांना कलेशी जोडलेला प्रकल्प आवश्यक केला, आणि निदान एक प्रकल्प आपल्या राज्याला जोडून दिलेल्या प्रदेशाच्या कलेवर असावा असे सांगितले. तमिळनाडूची जोडी जम्मू-काश्मीरशी लागली. त्या तजविजीतून कागदावर उतरवून घेतलेली दल सरोवराची चित्रेच बहुधा निघणार, अशी शंका मी बोलून दाखविली; तेव्हा अण्णा एकदम सावरून बसले आणि म्हणाले की, काश्मिरातले डबे-पेट्यांचे काम कागदाच्या लगद्याचे आणि तंजावरची नर्तकीही लगद्याचीच; दोन्हीकडची मुले कागद भिजवून कुटायला बसली तर सरोवर काढण्याची आवश्यकताच राहणार नाही. ही सूचना बाईंनी त्याच क्षणी आपल्या वहीत उतरून घेतली.

शेवटी बोलणे पुन्हा फळीवर आले, आणि तेथे अण्णांनी जे सांगितले ते मला अनपेक्षित होते.

अण्णा — मी येतो तुमच्या वर्गात. पण सोने आणायचे नाही. वर्ख नाही, सोनेरी कागद नाही, खडे नाहीत. सोन्याकडे पाहिले की मुलाला दुसरे काही दिसत नाही आणि त्याच्या बापालाही दिसत नाही. ती पेटी विकली जाते ती सोन्यामुळे. कापड, खळ, खडू, घोटणे आणि खडूचा उठाव, एवढेच शिकवीन. पांढऱ्यावर पांढरा उठाव काढला की चूक लपवायला जागा राहात नाही.

बाई — आणि त्या पांढऱ्यावर काय उमटवायचे ते मुले ठरवितील. कंडक्टर चालेल?

अण्णा — चालेल.

बाई — माझी एक अट आहे. मुलाच्या फळीला आपण हात लावायचा नाही.

अण्णा — ते मला जमणार नाही. माझ्या गुरूंनी माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवून पहिला ठिपका काढविला; तो भार अजून माझ्या हातात आहे. डोळ्यांनी पाहून उठाव येत नाही, कुंचला किती दाबायचा हे दुसऱ्याच्या हातातूनच कळते.

बाई — त्यासाठी निराळी फळी घ्या. त्या फळीवर आपण मुलाचा हात धरा, वाटेल तितक्या वेळा धरा. त्याच्या स्वतःच्या फळीवर नको.

ही तडजोड अण्णांनी पुष्कळ विचार करून मान्य केली. देवाचे चित्र कोणी काढू लागल्यास त्याचे डोळे आपण पाहिल्यावाचून पुरे करू द्यायचे नाहीत, हा त्यांचा आग्रह मात्र बाईंना मान्य झाला नाही, आणि त्यावर दोघांचे एकमत अद्यापि झालेले नाही. मला विचाराल तर, या एका बाबतीत मी अण्णांच्या बाजूचा आहे. घरात ज्याची पूजा होते त्याची मुद्रा काढताना एखाद्या जाणत्याची नजर मागावी, यात मुलाचे स्वातंत्र्य कोठे उणावत असेल असे मला वाटत नाही. फणसाचे लाकूड सबंध वर्गाला पुरविणे शाळेच्या ऐपतीबाहेरचे असल्याने प्लायवुडचे तुकडे कापून घेण्याचे ठरले आहे. ते अण्णांना पसंत नाही. पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात असे त्यांचे म्हणणे आहे, आणि कडा खळीने बंद करून पाहण्यासाठी एक तुकडा त्यांनी घरी नेला आहे.